‘एवढं कशाला घेता, ताई?’ : 8,000 रुपयांत पोराची खोली

धनकवडीतल्या आमच्या भाड्याच्या घरात एक बेडरूम आणि एक अडगळ आहे. अडगळीला घरमालक ‘सेकंड बेडरूम’ म्हणतात आणि भाडंही त्याच नावाने घेतात. 10 बाय 9ची खोली. चार वर्षं तिथे बॅगा, इस्त्रीचं टेबल, गणपतीच्या सजावटीचं खोकं आणि सासूबाईंची जुनी लाकडी कॉट सुखाने नांदत होती. एप्रिलमध्ये आमच्या चिकूने (वय साडेचार) जाहीर केलं की खालच्या मजल्यावरच्या मित्राला स्वतःची खोली आहे, आणि आपल्यालाही पाहिजे. रंग जेसीबीचा.

नेमकी तेव्हाच माझी भिशी लागली होती, 12,000ची. त्यातले 4,000 शाळेच्या व्हॅनवाल्याचे. उरले 8,000. या पैशात खोली करताना मी ज्या ज्या दुकानांच्या पायऱ्या चढले त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे. माझी गुण द्यायची रीत जरा उलटी आहे, ती आधीच सांगते. ज्याने मला कमी घ्यायला लावलं, त्याला जास्त गुण.

सुरुवात चुकीच्याच ठिकाणी केली. मुलांच्या खोल्या ‘डिझाइन’ करून देणाऱ्या एका शोरूममध्ये गेले. नाव लिहीत नाही. एसी, कॉफी, कॉम्प्युटरवर फिरवून दाखवलेली खोली, आणि तिच्यात ‘जंगल थीम’. पलंगाला झाडाची खोडं, छताला वेली. आकडा आला 1,85,000. मी बजेट सांगितलं तेव्हा तिथल्या मुलीने अगदी अदबीने विचारलं, “मॅडम, आठ हजार टोकन ना?” कॉफी चांगली होती.

तिथून घरी येताना आमच्याच रस्त्यावरच्या रंगाच्या दुकानात शिरले. गल्लीच्या तोंडाशी, दीड शटरचं दुकान. बाहेर कंपनीच्या जाहिरातीचा पत्रा आहे, पण दुकानाच्या नावाची पाटी नाही. काका सत्तरीच्या आसपासचे, चष्मा दोरीला. मी मोबाइलवर यादी करून नेली होती : भारीतलं, धुता येणारं, जंतू मारणारं इमल्शन, चारही भिंतींना पिवळं, शिवाय एका भिंतीला टेक्स्चर. काकांनी यादी वाचली, मोबाइल परत दिला आणि विचारलं, “बाथरूम कुठल्या भिंतीला लागून आहे?”

बाथरूम कॉटच्याच भिंतीला लागून आहे. खाली फूटभर पोपडे सुटलेत, पांढरी पूड येते, हे मी तोवर सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, रंगाने झाकलं जाईल.

“लोणा आहे तो. त्याच्यावर पाचशे रुपये लिटरचा लावा नाहीतर हजाराचा, पावसाळ्याआधी सुटणार. एवढं कशाला घेता, ताई? आधी पाणी कुठून येतंय ते बघा.” मग त्यांनी एक उपाय सांगितला. दुधाची रिकामी पिशवी कापून, धुऊन, पुसून कोरडी करायची आणि भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद लावायची. दुसऱ्या दिवशी बघायचं. पिशवीच्या आतून, भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून धरलं तर ते खोलीतल्या हवेचं. त्या दिवशी काकांनी मला विकलं काय, तर एक चिकटपट्टी.

पिशवी आतून ओली निघाली. फोटो घरमालकांना पाठवला. ते आधी “चार वर्षं काही तक्रार नव्हती” वगैरे म्हणाले, मग माणूस पाठवून बाथरूमच्या टाइल्सचे सांधे खरवडून भरून घेतले. खर्च त्यांचा. त्यानंतर काकांनी मला तीन आठवडे रंग दिलाच नाही. एप्रिल-मे, कडक ऊन, खिडकी उघडी, पंखा चालू. दर रविवारी मी नवी पिशवी चिकटवायची आणि दुकानावरून जाताना काकांना सांगायची, “अजून थोडी ओली.” काका मान हलवायचे. भिशीचे पैसे हातात असताना दुकानदारच घेत नाही, हा प्रकार माझ्या आयुष्यात पहिलाच.

चौथ्या रविवारी पिशवी कोरडी निघाली. तेव्हा जे घेतलं ते असं : पुट्टी 5 किलो, प्रायमर 4 लिटर, स्वस्तातलं पांढरट इमल्शन 4 लिटर, पिवळं 1 लिटर, रोलर, ब्रश, पॉलिश पेपर. सगळं मिळून 2,180. खरवडणं आणि पुट्टी आपल्याला जमणारी नाही म्हणून काकांच्याच ओळखीचा रंगारी एक दिवस, 900 रुपये. पुढचे हात मी आणि नवऱ्याने मारले. जंतू मारणाऱ्या रंगाबद्दल काकांनी एवढंच विचारलं, “पोरगं भिंत चाटतं का?” टेक्स्चरबद्दल तर नुसतं बघितलं.

पिवळ्यावरून मात्र आमची चर्चा झाली. चारही भिंती पिवळ्या केल्या तर दुपारी खोलीत डोळे उघडता येणार नाहीत, असं त्यांचं मत. शेवटी तह झाला. दाराशेजारची एकच भिंत, तीही पाच फुटांपर्यंत. ही भिंत अशी की पोरगं कॉटवर आडवं झालं की ती त्याच्या डोक्यामागे जाते. “आणि तीन हात मारावे लागतील हं. पूर्वीचा पिवळा एका हातात झाकायचा. आताचा झाकत नाही.”

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्या डोक्यात घरी येईपर्यंत वाजत राहिलं. पूर्वीचा तो झाकणारा, झगझगीत पिवळा म्हणजे बहुतेक वेळा लेड क्रोमेट, शिशाचा क्षार. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर मर्यादा घालणारा नियम 2016चा. तो 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाला आणि मर्यादा आहे दहा लाख भागांत 90 भाग. शिसं काढलं की पिवळ्याची झाकायची ताकदही कमी होते, कारण त्याच्या जागी आलेले रंग जास्त पारदर्शक असतात. तिसरा हात मारताना मान अवघडली तेव्हा मी नवऱ्याला हे सगळं समजावून सांगत होते. तो म्हणाला, “म्हणजे मान दुखणं ही चांगली गोष्ट आहे?” होय, आहे.

आणखी एक गोष्ट काकांनी सुचवली होती, जी मी ऐकली नाही. तीन फुटांपर्यंत चारही भिंतींना ऑइल पेंटचा पट्टा मारा, ओल्या फडक्याने पुसता येतो. मी म्हटलं, “काका, झेडपीची शाळा वाटेल.” ते म्हणाले, “मर्जी तुमची.” हे लक्षात ठेवा.

आता जुना बाजार. मंगळवार पेठेतला, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. पुण्यात वाढलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी जाताना पर्स पुढे धरावी आणि कुठलीही वस्तू बघून ‘अय्या’ म्हणू नये; एका ‘अय्या’ला दोनशे रुपये वाढतात. मी बुधवारी सकाळी रजा टाकून गेले. रविवारी गर्दीत वस्तू उलटी करून बघायला जागा नसते, आणि इथे खरी खरेदी वस्तू उलटी करूनच करायची असते. लाकडाच्या खालच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि हात लावला की पिठासारखी भुकटी, असं असेल तर भुंगेरा आहे, कितीही सुबक असलं तरी सोडून द्यायचं. तशा दोन खुर्च्या सोडल्या.

मग ते दिसलं. दिवाणजी मांडी घालून बसायचे आणि खतावण्या लिहायचे, तसलं बैठं डेस्क. उतरतं झाकण, आत खण, उंची जेमतेम फूटभर. कुणीतरी त्याला हिरव्या ऑइल पेंटने बडवून काढलं होतं. विक्रेता म्हणाला, “सावकाराचं आहे, ताई. पंधराशे.” मी चारशे म्हटलं. मग तो हसला, मी पुढे गेले, त्याने हाक मारली, मी परत आले, हे सगळं रीतसर पार पडलं. 700ला सौदा झाला. जाता जाता त्याने एक ‘ब्रिटिशकालीन’ टेबललॅम्प गळ्यात मारायचा प्रयत्न केला. बुडाला आयएसआयचा शिक्का होता. मी तो त्याला दाखवला, तर म्हणाला, “नंतर बसवलाय.” या उत्तरासाठी एक गुण जादा.

डेस्क रिक्षात पायाशी ठेवून आणलं आणि घरी आल्यावर माझी लॅब पुन्हा जागी झाली. हिरवा थर कोपऱ्यावर उडालेला, त्याखाली राखाडी, त्याखाली तपकिरी. म्हणजे निदान तीन पिढ्यांचा रंग, आणि तो 2017च्या आधीचा असणार हे सांगायला ज्योतिषी नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ होते, ती फरशीवर बसते, आणि पोरांचे हात फरशीवरून थेट तोंडात जातात. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं ‘एवढं चालतं’ असं सुरक्षित प्रमाण नाही. ते मेंदूच्या वाढीवरच घाला घालतं. तेव्हा जुनं फर्निचर आणून घरातच पॉलिश पेपर मारायचे जे व्हिडिओ फिरतात, ते बघून कुणी पोरांच्या वस्तू करत असाल तर कृपा करून थांबा.

मी काय केलं ते सांगते. चिकू आजोळी गेला होता. पार्किंगच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रं अंथरली, तोंडाला चांगला मास्क बांधला, आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवून फक्त सुटलेले काठ ओलेच घासले. घट्ट बसलेल्या रंगाला हातही लावला नाही. ओल्या फडक्याने पुसलं, कागद-फडकी सगळी पिशवीत बांधून टाकली, आणि वर नव्या निळ्या ऑइल पेंटचे दोन हात. डबा आणि मास्क मिळून 280. डेस्क आठवडाभर गॅलरीत वास जाईपर्यंत ठेवलं. नवा थर कुठे उडाला तर पुन्हा लावायचा, ही नजर कायम ठेवावी लागणार. एवढं करायची तयारी नसेल तर बिनरंगाचं, नुसतं पॉलिश केलेलं लाकूड शोधा.

त्याचं झाकण जड होतं, बोटांवर आपटलं असतं. म्हणून रविवार पेठेत, बोहरी आळीत गेले. बोहरी आळीचं एक बरं आहे, आपल्याला वस्तूचं नाव माहीत नसलं तरी चालतं. मी हाताने झाकण उघडल्याचा अभिनय केला आणि समोरच्याने झाकण उघडं धरून ठेवणारी पट्टी, नव्या बिजागऱ्या आणि खाली लावायला रबराचे बूट काउंटरवर ठेवले. 260 रुपये. चार बुटांसाठी डझनाचं पाकीट फोडून दिलं, जरा कुरकुर करून.

सासूबाईंच्या कॉटचं काय करायचं, हा प्रश्न होता. माझ्या डोक्यात नवा, छोटा, खाली खण असलेला पलंग. मिस्त्री बघायला आले, कॉटवर बसले, दोनदा उड्या मारल्यासारखं केलं आणि म्हणाले, “मॅडम, सागवान है. नया क्यों बनाना? इसका पैर काटो.” अठरा इंचांचे पाय नऊ इंच केले. 600 रुपये आणि पाऊण तास. आता झोपेत पडला तरी खाली गोधडीवरच पडतो. जाताना त्यांनी दुकानात उरलेला प्लायचा 3 बाय 2चा तुकडा फुकट दिला. त्याला 200 रुपयांचा फळ्याचा काळा रंग लावला आणि कडा घासून डेस्कमागे टेकवून ठेवला. आणि कापलेले पायांचे चार ठोकळे? खोलीतलं सगळ्यात आवडतं खेळणं सध्या तेच आहे. त्यांचा कधी पूल होतो, कधी ट्रक. कुठल्याही खेळण्याच्या दुकानाने मला एवढा फायदा करून दिलेला नाही.

एक सांगायचं राहिलं. खोलीत उंच शेल्फ किंवा कपाट ठेवलेलं नाही, आणि हे बजेटमुळे नाही. भिंतीत ड्रिल मारायचं नाही असा आमचा भाडेकरार आहे, आणि उंच वस्तू भिंतीला बांधता येत नसेल तर ती लहान पोराच्या खोलीत नसलेली बरी. पोरं खणांची शिडी करतात. कपडे आमच्याच कपाटात आहेत. पुस्तकांसाठी मी आधी आंब्याच्या दोन पेट्या उभ्या करून बघितल्या होत्या, फोटोत फार गोड दिसतं ते. दुसऱ्या दिवशी चिकूच्या बोटात कूस गेली. पेट्या परत माळ्यावर.

गादीही नवी घेतली नाही. लग्नातली डबलबेडची कापसाची गादी दगड झाली होती. तिचाच कापूस पिंजून, त्यातला आठ किलो घालून 3 बाय 6ची गादी, खोळीसकट 950. गादीवाल्याने स्प्रिंगची दाखवली होती, पण पोराचं वय ऐकून स्वतःच म्हणाला, “अजून रात्रीचं होतं ना अधूनमधून? मग कापसाचीच बरी. उन्हात टाका, वाळते.” याला पाच पैकी पाच.

गोधडी शिवणाऱ्या मावशी वस्तीतल्याच. शिलाई 800. मी सहा साड्या नेल्या, त्यांनी दोन तिथल्या तिथे परत केल्या. “नायलॉन घसरतं गं, घाम धरतं. सुतीच दे.” तीन आठवडे म्हणाल्या, पाच लावले, आणि मधल्या काळात फोन उचलला नाही. पण टाके बघाल तर राग विरतो. मधोमध माझ्या आईची मोरपिशी साडी आहे. चिकूला तिचं काही नाही. त्याला त्यातला एकच पिवळा चौकोन आवडतो.

तुळशीबागेत जायचं कारण नव्हतं, तरी गेलो, कारण पुण्यात खरेदी झाली आणि तुळशीबाग झाली नाही असं होत नाही. चिकूने स्टीलची भातुकली उचलली आणि सोडली नाही. 380 रुपये. त्याच्यातल्या कुकरला खरोखर झाकण लागतं. डेस्कच्या खणात आता सावकाराच्या वह्यांच्या जागी कुकर, पोळपाट आणि दोन जेसीबी असतात.

आणि आता तो 499चा विषय. इथे चूक अर्धी माझी आहे. एका ऑनलाइन दुकानातून भिंतीला लावायचा जिराफ मागवला. फोटोत तो छतापर्यंत पोचत होता. आला तो माझ्या कोपरापर्यंत. तरी हौसेने पांढऱ्या भिंतीवर लावला. नवव्या दिवशी जिराफ मान टाकून लोंबायला लागला, आणि काढायला गेले तर त्याच्यामागे रंगही निघून आला. नव्या रंगावर निदान महिनाभर काही चिकटवायचं नसतं, रंग वरून वाळलेला दिसला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. हे त्या पाकिटावर होतं, मुंगीच्या अक्षरात, परत पाठवायची मुदत संपल्यावर मला सापडलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, “मला विचारायचं होतंत.” हो, पण मग ते म्हणाले असते, कशाला घेता.

तर हिशोब : वर लिहिलेलं सगळं, अधिक रिक्षाचे 350, मिळून झाले 8,099. नव्व्याण्णव रुपये वर गेले. त्या जिराफाला शिव्या दिल्याशिवाय मला हा आकडा बघता येत नाही.

रंगाच्या दुकानाचं नाव तुम्ही विचारणार. मी काकांना सांगितलं होतं की लिहिते आहे. ते म्हणाले, “नको. गर्दी झाली की शेडचा नंबर चुकतो.” म्हणून नाही लिहिलं. स्वभावाने तुसडे आहेत. दुपारी एक ते चार बंद. एकदा मशीनवर ढवळलेला रंग परत घेत नाहीत. यूपीआय घेतात, पण पैसे आल्याचा मेसेज मुलाच्या फोनवर जातो, त्याला फोन करून विचारेपर्यंत आपण स्टुलावर बसायचं.

परवा पुन्हा जावं लागलं. चिकूने हाताशी 3 बाय 2चा काळा फळा असताना खडूचा डबा बाजूला ठेवला आणि मेणखडूने पांढऱ्या भिंतीवर, जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत, जेसीबी, रस्ता आणि रस्त्यावर उभी असलेली आजी काढली. स्वस्तातलं इमल्शन, पुसायला गेले तर आजी पसरली. माझ्याकडे पांढरा रंग पेलाभर उरलेला. मी दुकानात जाऊन म्हटलं, “काका, तुमचं ऐकायला पाहिजे होतं. आता तो पट्टा मारते. ऑइल पेंट लिटरभर द्या.”

काकांनी मोबाइलवर भिंतीचा फोटो बघितला, दोन बोटांनी मोठा करून जेसीबीचं बकेट बघितलं आणि मोबाइल परत दिला.

“आत्ता कशाला घेता? आणखी काढेल तो. दुसरीत गेला की या.”